धोंडूची वेणी

१

धोंडूला दुपारच्या झोपेतून उठवायला म्हणून इंदिराबाई खोलीत गेल्या. नेहमीप्रमाणं त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि हात मानेपाशी येऊन अडला. पुढं काही लागेचना. त्यांनी पोराला कुशीवर वळवलं. धोंडूची वेणी कोणीतरी कापून नेली होती.

सकाळी न्हाऊ घालून त्यांनी स्वतःच्या हातानं लांबसडक वेणी घातली होती, टोकाला लाल गोंडा बांधला होता. आता मानेवर उरले होते ते खालीवर कुरतडलेले खुंट. पोरगं मात्र गाढ झोपलेलं, ओठांभोवती आमरस वाळलेला. त्याला कशाचा पत्ता नव्हता.

"अगं बाई गं!" इंदिराबाई ओरडल्या.

आता एका पोराची वेणी गेली म्हणून एवढं आभाळ कोसळायला काय झालं, असं कोणी विचारील. पण ही वेणी शोभेची नव्हती, नवसाची होती. टिपणिसांच्या घरात आधी नीरजा झाली, आणि तिच्या पाठची तीन मुलं एकामागून एक गेली. मुंबईतले शेजारीपाजारी म्हणायला लागले, या पोरीची पाठच वाईट. सासूबाई, म्हणजे माई, तसं तोंडानं म्हणत नसत. पण नात समोर आली की उसासा टाकत, आणि तो उसासा त्या एवढ्याशा पोरीलाही कळायचा. शेवटी इंदिराबाईंनी कार्ल्याच्या एकवीरेपुढं पदर पसरला. आई, एक पदरात घाल आणि ते राहू दे. पाच वर्षं त्याच्या केसांना लोखंड लावणार नाही, तुझ्या पायाशी जावळ उतरवीन आणि बोकड देईन. मुलगा झाला. यमाला वाटावं हा दगडच आहे, याला काय न्यायचं, म्हणून नाव ठेवलं धोंडू. धोंडू जगला, वाढला, आणि आता त्याचं पाचवं सरत आलं होतं.

सगळे खंडाळ्याला आले होते ते त्याचसाठी. माधवराव टिपणीस, इंदिराबाईंचे यजमान, मुंबईला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. सन चौतीसचा उन्हाळा फार कडक, तेव्हा त्यांनी मे महिन्यापुरता एका पारशाचा बंगला भाड्यानं घेतला. पोरांना घाटाची हवा मिळेल आणि जाताजाता देवीचा नवसही फिटेल, असा हिशेब. आल्यापासून पोरांनी नुसता धुडगूस घातला होता. करवंदांनी काळे झालेले हात, नागफणीचं टोक बघायला निघून अर्ध्या वाटेवरून रडत परत येणं, कड्यावर उभं राहून घाट चढणाऱ्या गाडीला टाटा करणं, सगळं करून झालं होतं. उद्या मंगळवार. सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरून कार्ल्याचा डोंगर चढायचा. न्हावी सांगून ठेवलेला, बोकड परसात बांधलेला, आणि आज वेणीच नाही!

माई धावत आल्या, पाठोपाठ माधवरावांची धाकटी बहीण लीलाबाई. माईंनी नातवाची मान पाहिली.

"ज्यानं ही वेणी कापली," त्या म्हणाल्या, "त्यानं माझ्या नातवाचा गळा कापला. कोण आहे ते एकदा कळू दे. मग ते परकं असो की पोटचं, जन्मभर त्याला या घरात उजळ माथ्यानं फिरू देणार नाही!"

इंदिराबाईंनी धोंडूला उराशी ओढलं. त्याचं अंग जरा कोमट लागत होतं. का आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्यांना कळेना.

२

संशय घ्यायला माणूस लागतं, आणि घरात गरीब माणूस असलं की ते शोधायला लांब जावं लागत नाही.

जवळच्या कुणे गावची शालूबाई बंगल्यावर भांडी घासायला येई. तिचा नवरा हौशीराम बंगल्याचा माळी. शालूबाईचा नातू गेले काही दिवस तापानं फणफणला होता. त्यातून काल काय बुद्धी झाली कोण जाणे, तिनं धोंडूची वेणी हातात घेतली आणि म्हणाली, "किती ग्वाड क्येस हाईत गं बाई लेकराचं!" झालं! धोंडूनं असा टाहो फोडला की सगळा बंगला गोळा झाला. तसं त्याचं ते नेहमीचंच. केसांना हात लावू द्यायचा तो फक्त आईला आणि नीरजाताईला. सख्ख्या आत्यानं एकदा हौसेनं वेणी घालायला घेतली, तर त्यानं पाय झाडून झाडून तेलाची वाटी उलथी केली होती.

पण कालचं ते "ग्वाड क्येस" माईंच्या डोक्यात बसलं होतं.

"हिनंच!" माई अंगणात येऊन कडाडल्या. "स्वतःच्या नातवाचं दुखणं माझ्या नातवावर उतरवायला केस नेले हिनं! करणी केली मेलीनं!"

शालूबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "आवं न्हाई वं आईसाहेब! मी हितं भांडी घासत व्हते. देवीची आन!"

"देवीचं नाव घेऊ नकोस!"

हौशीराम आला. त्यानं बायकोला काही विचारलं नाही की काही नाही, सरळ एक तिच्या कानाखाली ठेवून दिली. "कुटं ठिवलीस वेनी? बोल! माजी नोकरी घालवतीस व्हय?" शेजारच्या बंगल्यांतले गडी कुंपणापाशी जमायला लागले. त्यांतला एकजण दुसऱ्याला हळूच काहीतरी म्हणाला, आणि दोघंही दोन पावलं मागं सरकले. चेटकीण हा शब्द असाच हळू बोलला जातो, आणि ऐकू मात्र लांबवर जातो.

इंदिराबाई ओटीवर धोंडूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मारू नका हो तिला, असं म्हणावं असं फार वाटत होतं. पण माईंच्या समोर तोंड उघडायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. आणि पोटात कुठंतरी असंही होतं की, हिनंच केलं असेल तर? नेले असतील केस, तर माझ्या पोराचं काय होणार?

तेवढ्यात परसाकडून नीरजा आली. दहा वर्षांची, परकर-पोलक्यातली, हातात फणसाचा पाला. तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि माधवरावांना विचारलं, "बाबा, मग उद्या कार्ल्याला जायचं नाही ना?"

"तू गप्प बस गं!" माधवराव खेकसले. ते नुकतेच स्टेशनावरून उद्याच्या गाडीची चौकशी करून परतले होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

"हौशीराम, हात खाली घे." कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारच्या बंगलीत गुप्ते राहत, पोलीसखात्यातले निवृत्त फौजदार. दम्यासाठी खंडाळ्याला येऊन राहिलेले, भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळणारे. माणूस काडीसारखा, पण हौशीरामचा हात खाली आला तो आलाच. गुप्ते फाटकातून आत आले, माईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "मला आधी ती खोली दाखवा, सूनबाई. नंतर तुम्ही कोणाला मारायचं ते ठरवा."

खोलीत त्यांनी गादी पाहिली, चादर झटकली, चष्मा नाकावर आणून फरशीवर ओणवे झाले.

"इथं कोणी झाडलं का?"

"नाही. सकाळपासून कोणी केरसुणी लावली नाही."

"कात्रीनं कुरतडून कुरतडून वेणी कापली, आणि गादीवर एक केस नाही, फरशीवर एक केस नाही." गुप्त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "म्हणजे कापणाऱ्यानं खाली कापड पसरलं होतं. जावळाचा केस जमिनीला लागू द्यायचा नाही, आत्यानं तो पदरात झेलायचा, ही आपली रीत. चोरानं चोरी केली, पण रीत पाळली. अशी माया बाहेरच्या चोराला नसते. सूनबाई, हा चोर घरातलाच आहे."

३

गुप्ते ओटीवर खुर्ची टाकून बसले. इंदिराबाईंनी चहा दिला आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या. कोणी त्यांना जा म्हटलं नाही.

आधी शालूबाई आली. गाल सुजलेला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. तिची भीती आता रागावर आली होती.

"सायेब, करनी करायला एक क्येस पुरं व्हतो म्हन्त्यात. आख्खी वेनी न्हेऊन मी काय दावं वळू? आन लेकराला नुसता हात लावला तर केवढ्यानं वराडलं, काल समद्यांनी ऐकलं की न्हाई? आज ते वराडलं का? इचारा की त्यास्नी!"

गुप्त्यांनी मान डोलावली. दाराआड इंदिराबाईंच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. खरंच, आज तो ओरडला नाही. जेवून सगळ्या बायका माजघरात आडव्या झाल्या होत्या. पोरांची खोली भिंतीला भिंत लागून, हूं की चूं झालं असतं तरी कळलं असतं.

मग लीलाबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवलेली नव्हती. गुप्त्यांनी खाकरून विचारलं, "वाईट वाटून घेऊ नका, लीलाताई. नवसाच्या पोराचे केस उशाला घेतले की मूल होतं, असं बायका म्हणतात."

"म्हणतात." लीलाबाईंचे डोळे भरून आले. "मला तर चारचौघींत तोंडावर सांगतात. पण फौजदारसाहेब, उद्या ते केस माझ्याच पदरात पडायचे होते. हक्कानं, सगळ्यांच्या देखत. आज चोरून मी काय मिळवलं? होता तो मानही गेला." त्या पदरानं नाक पुसत उठल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "त्या नीरजेला काय सांगू आता? सारखी विचारत होती, आत्या, देवी केस मागते का बोकड मागते? मी म्हटलं, अगं वेडे, दोन्ही एकाच नवसातलं."

गुप्त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि ओढायचं विसरून तशीच मिटली.

माधवराव आले ते ताठ मानेनं. "स्पष्ट सांगतो, मला ती वेणी पसंत नव्हती. जूनमध्ये पोराला शाळेत घालायचंय. मास्तर म्हणाले, मुलींची शाळा पलीकडच्या गल्लीत आहे. पण आईच्या आणि हिच्या श्रद्धेच्या आड मी आलो नाही. आणि कापायचीच असती तर माझ्याजवळ वस्तरा आहे. एका झटक्यात काम झालं असतं, हे असं उंदरानं खाल्ल्यासारखं नव्हे. शिवाय मी दुपारभर स्टेशनावर होतो."

"बरोबर. वस्तरा नव्हे." गुप्ते उठले. "सूनबाई, तुमची शिवणाची कात्री कुठं असते?"

कात्री पोरांच्या खोलीतच होती, खिडकीतल्या शिवणाच्या डब्यात. इंदिराबाईंनी ती आणून दिली. गुप्त्यांनी ती उजेडात धरली, दोन्ही पाती उघडली, आणि बोटाच्या चिमटीत काहीतरी धरून हळूच ओढलं. खिळ्याच्या फटीत अडकलेला केस होता, लांब आणि तेल लावलेला.

माई, माधवराव, लीलाबाई, सगळ्यांनी इंदिराबाईंकडं पाहिलं. कात्री त्यांची. डब्याला हात लावायचा तो त्यांनीच. आणि धोंडू ज्यांच्या हाताला रडत नाही, त्याही त्याच.

"इंदिरे?" माई एवढंच म्हणाल्या.

इंदिराबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं तर हुंदकाच बाहेर आला, आणि तो हुंदका कबुलीसारखा ऐकू गेला.

४

तिन्हीसांजा झाल्या. काहीही घडलं तरी देवापुढं दिवा लागायलाच हवा, म्हणून माई उठल्या. देवीचा टाक, चांदीची बोटभर प्रतिमा, त्यांनी मुंबईहून पितळी डब्यात घालून आणला होता. आतल्या खोलीत कोनाड्यात तो डबा असे. माईंनी समई लावली आणि डबा उघडला.

त्यांच्या ओरडण्यानं सगळे आत धावले.

डब्यात टाकापुढं धोंडूची वेणी होती. नीट गुंडाळी करून ठेवलेली, लाल गोंडा तसाच, कापलेल्या टोकाला दोऱ्याची गाठ मारलेली. वर हळदकुंकू वाहिलेलं.

"आईनं घेतलं!" माई जमिनीवर डोकं टेकून रडायला लागल्या. "अरे, तिनं आपल्या हातानं घेतलं रे! आणि आपण माणसांवर आळ घेत बसलोय!"

लीलाबाईंनी हात जोडले. इंदिराबाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी नवी भीती वाटली. देवीनं स्वतः घेतलं म्हणजे काय? केसांवर भागलं, की पाठोपाठ पोराकडंही हात येणार?

गुप्ते मात्र वेणीकडं बघत होते. कुंकू चिमटीनं वाहतात, बोटांचा ठसा राहतो. इथं वेणीवरचे ठसे अगदी बारीक होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"माईसाहेब, मी सगळं सांगतो. पण त्याआधी मला सूनबाईंशी दोन शब्द बोलायचेत. परसात."

५

परसात फणसाखाली बोकड बांधला होता. काळा, कपाळावर पांढरा चट्टा, म्हणून पोरांनी त्याचं नाव चांदोबा ठेवलं होतं. शेजारी नीरजा बसली होती. दुपारपासून ती तिथंच होती. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. पोरांना कोण विचारतं?

"मी नाही हो कापली," इंदिराबाई कळवळून म्हणाल्या.

"तुम्ही नाही, हे मला ठाऊक आहे. या वेणीपायी तुम्ही पाच वर्षं धड झोपला नाहीत." गुप्त्यांनी आवाज खाली आणला. "पण धोंडू ओरडला नाही. तो दोघींच्याच हाताला गप्प बसतो. कापणाऱ्याला एक झटका देता आला नाही, कात्री पुन्हापुन्हा चालवावी लागली, म्हणजे हातात जोर नाही. केस जपले, गाठ मारली, देवीला वाहिले, म्हणजे मनात वाकडं नाही. सगळ्या घराला उद्याचं जाणं मोडल्याचं दुःख आणि एकाच माणसानं विचारलं, आता जायचं नाही ना? आता तुम्हीच सांगा, सूनबाई, उरलं कोण?"

उरलं कोण हे कळायला इंदिराबाईंना वेळ लागला नाही. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र फार वाटलं.

"नीरू!"

नीरजा उठून उभी राहिली. आईचा चेहरा बघितला आणि तिनं काही लपवलं नाही.

"आत्या म्हणाली, दोन्ही एकाच नवसातलं. मग मी म्हटलं, केस आधीच देवीला देऊन टाकले तर नवस फिटला. मग उद्या जायला नको, आणि चांदोबाला कोणी मारणार नाही." ती भराभरा बोलत होती. "मी परकर पसरला होता आई. एकसुद्धा केस खाली पडू दिला नाही. धोंडूला म्हटलं, गंमत करूया, तर तो हसला आणि परत झोपला. हळदकुंकू पण वाहिलं. देवी रागावली नाही, मी विचारलं तिला."

इंदिराबाईंनी हात उगारला. तो तसाच हवेत राहिला. शालूबाईचा सुजलेला गाल, वन्संचे डोळे, मघाशी स्वतःवर खिळलेल्या सगळ्यांच्या नजरा, सगळं या एवढ्याशा पोरीनं केलं, आणि केलं ते एका बोकडासाठी! मारावं की पोटाशी धरावं? त्यांना दोन्ही जमेना, आणि त्या तिथंच धुळीत बसल्या.

"आत जाऊन खरं सांगणं हे माझं काम," गुप्ते म्हणाले. "जन्मभर तेच केलं. सांगू?"

इंदिराबाईंच्या डोळ्यांपुढं माईंचा मघाचा चेहरा आला. परकं असो की पोटचं, उजळ माथ्यानं फिरू देणार नाही! आणि नीरजेबद्दल तर लोकांचं आधीच ठरलेलं होतं. पाठ वाईट. आता काय म्हणतील? भावाच्या नवसावर कात्री चालवली. धोंडूला उद्या नुसतं पडसं झालं तरी बोट हिच्याकडं. आणि देव न करो, त्याहून काही वाईट झालं तर? तीन पोरं मातीत घातली होती. एकाला वाचवायचं म्हणून हिला जितेपणी घालायचं का त्यांच्या शेजारी?

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "देवीनंच घेतली म्हणा. शालूबाईही सुटेल, ही पण सुटेल. तुमच्या पाया पडते."

गुप्त्यांनी एकदा नीरजेकडं पाहिलं. "म्हणतो. पण एकदा देवीवर घातलं की पुढं माईसाहेब म्हणतील तसं होणार. तुम्हाला ते थांबवता येणार नाही, सूनबाई."

"नाही आलं तर नाही आलं." इंदिराबाईंनी नीरजेचे खांदे धरले. "नीरू, हे कोणाला सांगायचं नाही. बाबांना नाही, आत्याला नाही. कधीच नाही. माझी शपथ आहे तुला."

"नाही सांगणार. पण चांदोबाला सोडतील ना?"

"बघू," इंदिराबाई म्हणाल्या, आणि मान वळवली.

६

गुप्त्यांनी आत जाऊन सांगितलं की त्यांच्या अकलेला या वेणीचा उलगडा झाला नाही. मफलर सारखा करत ते असं खाली बघून बोलले की माईंना त्यांची कीवच आली. राहू द्या हो फौजदारसाहेब, देवाच्या गोष्टी माणसाला कुठून कळायच्या, म्हणून माईंनीच त्यांची समजूत घातली.

शालूबाईला परत बोलावलं. माईंनी तिच्या ओटीत खण आणि नारळ घातला, झालं गेलं विसर म्हणाल्या. शालूबाईनं तो घेतला, कारण न घेऊन चालणार नव्हतं.

"आईसाहेब, तुमी इसरा म्हन्ता, मी इसरंन," ती म्हणाली. "पर गावात गेली ती गोष्ट म्हागारी कशी आनू? मगाशी येताना शेजारनीनं पोर पदराखाली झाकलं, मला बगून." मग ती भांडी घासायला बसली. कोणाला तिच्याकडं बघवेना.

आणि मग माई म्हणाल्या, "तुम्हाला कोणाला अर्थ कळला नाही. आईला पाच वर्षं थांबवलं आपण. तिला धीर धरवला नाही, म्हणून ती इथवर चालत आली. भुकेली आहे ती. उद्या एक नाही, दोन बोकड द्यायचे. हौशीराम, कुण्यात असेल एखादा, तर आत्ता घेऊन ये."

"व्हय आईसाहेब," हौशीराम म्हणाला.

दारात नीरजा उभी होती. तिनं आईकडं पाहिलं. इंदिराबाई समईची वात पुढं सारायला खाली वाकल्या, आणि वात सरळ होती तरी बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. माईंना म्हणावं, एक तरी सोडा. पण का सोडा, याला उत्तर एकच होतं, आणि ते देता येत नव्हतं. रात्री नीरजा जेवली नाही. माईंनी कौतुकानं सांगितलं, बघा, पोरीनं भावासाठी उपास धरला.

मंगळवारी सकाळी सगळे कार्ल्याचा डोंगर चढले. धोंडू अगदी ठणठणीत होता, ताप नाही की काही नाही, बापाच्या खांद्यावर बसून खालच्या भाताच्या खाचरांना गमतीची नावं देत होता. वर देवळाशी न्हाव्यानं डोक्यावरचे उरलेले केस उतरवले, लीलाबाईंनी ते पदरात झेलले, माईंनी घरून आणलेली वेणी त्यावर ठेवली. इंदिराबाईंनी देवीला हात जोडले. राहू दे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण कोणाला राहू दे, ते त्यांच्यानं धड मनातसुद्धा म्हणवेना.

मग हौशीराम दोन्ही दोर हातात घेऊन पायऱ्यांच्या कडेनं खाली निघाला. कुण्याचा बोकड मुकाट चालला. चांदोबा अडला, मान वळवून ओरडला, कारण पाला देणारी मुलगी मागं राहिली होती.

"थांबा!" नीरजा सुटली. "माई, थांबवा त्यांना! देवीला भूक नव्हती, ती आली नव्हती, केस तर मी—"

इंदिराबाईंनी मागून धावत जाऊन तिला धरलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. पोर हातपाय झाडत होती, डोळे फाडून वर आईकडं बघत होती. आजूबाजूच्या बायका थांबल्या.

"काय झालं हो?"

"रक्ताला भ्यायली," माई म्हणाल्या. "हळवी आहे फार."

"हो," इंदिराबाई म्हणाल्या. "भ्यायली."

नीरजेचे दात त्यांच्या तळव्यात रुतले. खाली हौशीराम वळणाआड गेला, धोंडू वरून चांदोबा, चांदोबा म्हणून हाका मारत होता, आणि तळव्यातून रक्त आलं तरी इंदिराबाईंनी लेकीच्या तोंडावरचा हात काढला नाही.